आठवा महिना आणि ऐंशी टेलिफोन

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही हो. तुम्ही आपले नोकरी करत असता, डबा खाता, बसची वाट बघता, आणि पंचवीस-तीस वर्षांनी कोणाच्या तरी लग्नात पंगतीला बसल्यावर कळतं की अरे, आपल्याकडे तर पोतंभर आहेत! आमच्या जुन्या एक्स्चेंजची तीन-चार माणसं एकत्र आली की हेच होतं. सोलकढी येईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "शुभाबाय, तुझ्या रजेची गजाल सांग मगे!"

आता ती गजाल एक असती तर सांगून मोकळी झाले असते.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पेडणे तालुक्यातलं एक छोटं टेलिफोन एक्स्चेंज. कुठलं ते सांगत नाही, माणसं अजून जिवंत आहेत. ऐंशी टेलिफोन, एक लाकडी बोर्ड, आणि सकाळी सहा ते दुपारी एक त्या बोर्डापुढे मी. तेव्हा डायल नव्हतं. कोणी घरच्या फोनची दांडी फिरवली की बोर्डावर त्याच्या नंबराची झडप टपकन पडायची. तिथे मी वायर खुपसायची, "हॅलो" म्हणायचं, कोण हवं ते ऐकायचं आणि दुसरी वायर त्या माणसाच्या भोकात. एवढंच काम. करून बघा म्हणजे कळेल!

मला सातवा महिना सरत आला होता. दोन वर्षांपूर्वी एक सहाव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे ह्या खेपेला कोणी मोठ्यानं शिंकलं तरी माझा हात पोटावर जायचा. म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आठवा लागला की खुर्ची सोडायची. हे मूल हवंय ना?"

हवं होतं! त्या वर्षी मला दुसरं काही नकोच होतं.

पण चार्ज दिल्याशिवाय रजा नाही, आणि चार्ज रिपोर्टवर घेणाऱ्याची सही हवी. घेणारे म्हणून पणजीहून गावकर आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. आल्या आल्या आमच्या सुपरवायझरांना, नाईकसाहेबांना म्हणाले, "काम पुरतं समजल्याशिवाय मी सही करत नाही. वीस वर्षांत केलेली नाही."

मला वाटलं, चला, शिस्तीचा माणूस आहे. आठ दिवसांत शिकेल. आठ दिवस!

*

पहिल्या दिवशी त्यांना बोर्डावर बसवलं आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसले. झडप पडली. कोरगावच्या दुकानातून एक म्हातारी बोलत होती.

"गे बाय, माझ्या भावाक लाव."

"नंबर सांगा."

"बाय खंय गेली?"

"मी गावकर. नंबर सांगा."

"नंबर माका कित्याक विचारतंस? सरकारान तुका थंय बसवलाहा कशाक?"

गावकर शांतपणे डिरेक्टरी काढून म्हणाले, "भावाचं नाव?" "आबा." "आबा काय?" म्हातारी उखडली. "आबा म्हणजे आबा! हळर्णात आनीक खंयचो आबा आसा?"

हळर्णात सहा फोन. त्यांत आबा नावाचा एकही नाही. गावकरांनी सहाही नावं दोनदा वाचली. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "बत्तीस लावा. भुसारी दुकान आहे. आबा समोरच्या पिंपळाखाली बसलेला असतो, दुकानवाला हाक मारेल."

लावलं. आबा आला, बहीण-भाऊ बोलले. गावकरांनी खिशातलं पेन काढून टिपून घेतलं, "आबा, ३२, पिंपळ." मग थोडा विचार करून माझ्याकडे वळले.

"आणि पाऊस असला तर?"

"तर देवळात, आणि देवळात फोन नाही, तेव्हा उद्या करा म्हणून सांगायचं."

बोर्ड शिकवायला आठ दिवस पुरतात हो. आबा शिकवायला किती लागतात?

*

म्हणून मी वही घातली. दोनशे पानी. घरी जेवणं उरकली की लिहायला बसायची, सासूबाई ओरडायच्या, "गे, पाठ टेक मगे!" पण पाठ टेकली की आणखी एक नंबर आठवायचा. काय काय लिहिलं म्हणता!

तेवीस नंबर मास्तर आणि एकेचाळीस नंबर कापडवाला. भाषेच्या भांडणापासून एकमेकांचं तोंड बघत नाहीत, एक कोंकणीवाला, एक मराठीवाला. पण बायका सख्ख्या बहिणी. त्यांचा फोन बारानंतर जोडणे, तेव्हा दोघे नवरे घरात नसतात.

चौदा नंबर डॉक्टर. सकाळी सात ते आठ पूजा. मेला तरी उठत नाही. फक्त साप चावला असेल तर उठतो, तेव्हा पहिला शब्द "साप" असा सांगणे.

ह्या शेवटच्या टिपणानं घोळ केला. गावकर सरळमार्गी माणूस. सात वाजता डॉक्टर मागणाऱ्या प्रत्येकाला ते अदबीनं सांगायचे, "साहेब पूजेत आहेत. साप असेल तरच जोडता येईल."

तिसऱ्या दिवसापासून तालुक्यात सापच साप! पार्सेत साप, कोरगावात साप, एका वाड्यावर तर दोन साप. डॉक्टर बिचारा नेसत्या सोवळ्यानिशी स्कूटरवर बसून धावत सुटायचा. एका घरी सर्दी निघाली. एका घरी म्हातारीचा कान ठणकत होता. तिसऱ्या घरी यजमान दारातच हात जोडून उभे, "डॉक्टर, सत्यनारायणाक येवक जाय हां!"

त्या दिवशी आठ वाजता चौदा नंबरची झडप अशी आपटली की मी दचकले. डॉक्टर म्हणाले, "गावकर, लिहून घ्या. आजपासून माझी पूजा संध्याकाळी."

गावकरांनी खरंच लिहून घेतलं. सही मात्र केली नाही.

*

आमच्याकडे पहिलटकरणीला फुलं माळतात. "फुलां माळप" म्हणतात. पाच सवाष्णी येतात, केसांत भरगच्च अबोली, जाई, सुरंगी मिळाली तर सुरंगी, आणि ओटी. आधीचं गेलं म्हणून मला ह्या वेळी पहिलटकरणीचाच मान. सासूबाईंनी मुहूर्त काढला, सकाळी दहाचा. नेमकं त्याच दिवशी गावकरांना पणजीला ऑफिसात बोलावलेलं, बोर्डावर मी एकटी!

सासूबाई म्हणाल्या, "मुहूर्त टळूंक फावना." नाईकसाहेब म्हणाले, "बोर्डाच्या खोलीत बाहेरच्या माणसांना मनाई आहे." दोघांचंही खरं. मी मध्ये.

शेवटी बाबी म्हणाला, "बाहेरची माणसां भायरच रावतली. बायची खुर्ची खिडकीकडे सरकवया." बाबी आमचा लाइनमन. पायाला चाकं आणि तोंडात सुपारी.

मग काय, पाच बायका एक्स्चेंजच्या मागच्या अंगणात रांगेनं उभ्या, आणि गजांतून हात घालून माझ्या केसांत वळेसर माळतायत! मी पाठमोरी, कानाला हेडफोन. हेडफोनच्या पट्टीखालून फुलं जाईनात. सासूबाई म्हणाल्या, "तें काड मगे एक मिनिट!" मी म्हटलं, "थांबा, बेळगाव लागलंय!" ओटी भरताना तर कहरच. नारळ गजांतून आत येईना. बाबीनं तो दारानं आत आणला आणि नाईकसाहेबांच्या हातात ठेवला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, बूट काढले, आणि माझ्या पदरात नारळ घातला.

नंतर रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं, "सकाळी दहा. बोर्डाची नैमित्तिक पूजा."

*

आठवा लागला. सही नाहीच. आणि आता माझं पोट आणि बोर्ड ह्यांचं पटेना. वरच्या ओळीतल्या साठ ते ऐंशी नंबरांपर्यंत हात पोचवायचा म्हणजे पुढे रेलायचं, आणि रेलले की पोट टेबलाला लागायचं. मला भीती वाटायची. वरची झडप पडली की घाम फुटायचा.

बाबीनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी पाठीमागे शिरून त्यानं वायरीच बदलल्या. वर ज्यांचे नंबर होते पण जे सारखे बोलायचे, ते खालच्या ओळीत. खालचे मुके वर. सहासष्ट नंबरचा पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सात नंबरच्या भोकात आला. सात नंबरचे पोलीस सहासष्टात गेले. "पोलिसांक कोण फोन करता गे!" बाबी म्हणाला. भोकांवरच्या पट्ट्यांचे आकडे मात्र तसेच ठेवले. मला पाठ होते, कशाला बदला?

गावकरांना सांगायचं राहून गेलं. माझी चूक. दोनशे पानं लिहिली आणि हेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मला जरा उशीर झाला. सहा वाजता चहाच्या हॉटेलवाल्यानं नेहमीप्रमाणे पोदेर मागितला. गावकरांनी आकडा बघून सहासष्टात वायर घातली. रात्रपाळीचा शिपाई पेंगत होता. त्याच्या कानात हॉटेलवाला गरजला, "ताबडतोब साठ पाव आणि वीस उंडे धाडून दे! कालसारखे कडक धाडलेस तर याद राख!"

असा आवाज शिपायानं फक्त वरिष्ठांचाच ऐकला होता. "होय साहेब!" म्हणाला. अर्ध्या तासात हॉटेलपुढे पोलिसांची जीप उभी. शिपायानं पावाची टोपली उतरवली आणि हॉटेलवाल्याला खाडकन सलाम ठोकला. "मऊ आहेत, साहेब."

तिकडे पार्सेच्या एका बागायतदाराच्या माडावर चोर चढलेला. त्यानं पोलीस मागितले, त्याला लागला पोदेर. पोदेर पाव वाटायला निघालाच होता, सायकलवर, हातात काठी. गेला. माडाखाली उभा राहिला. चोर खाली उतरला तो काठीच्या टप्प्यातच.

मी पोचले तेव्हा गावकर घामाघूम. बागायतदार लाइनवर होता. मी घाबरत घाबरत "हॅलो" म्हटलं, माफी मागणार होते.

तो म्हणाला, "बाय, पुढच्या वेळेकय तोच पोलीस धाड!"

*

आता डॉक्टरीणबाईंचं सांगते. मी त्यांना थाप मारली होती की रजेवर आहे, घरी पडून असते. एका सकाळी म्हापशाहून फोन. गावकर पाणी प्यायला उठले होते, मी हेडफोन चढवला आणि "हॅलो" म्हणणार तोच आवाज ओळखला. बाईच! त्यांना डॉक्टरकडे, म्हणजे आमच्या चौदा नंबरला जोडून हवं होतं.

मी नाक दाबलं, घसा खाकरला आणि गावकरांच्या आवाजात म्हटलं, "मी गावकर. नंबर सांगा."

मग बाई म्हणाल्या, "कोण? गावकर?"

"होय, गावकर."

"मग गावकर, तुमचं बाळ दिवसातून किती वेळा लाथ मारतं?"

बाई पुढे म्हणाल्या, "शुभा, मागच्या वेळी तू माझ्यापुढे रडलीस ते मी विसरले नाही. तू विसरलीस?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "चौदा द्या."

मी चौदा जोडलं आणि ढसाढसा रडले. विसरले नव्हते हो. पण खरं सांगू? सही गावकर करत नव्हते हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की रोज सकाळी त्यांनी हेडफोनला हात लावला की माझाच हात आधी पुढे जायचा. "थांबा, ह्याला मी सांगते." "थांबा, ही म्हातारी तुमच्याशी बोलणार नाही." त्या बोर्डावरून उठायचं म्हणजे उपऱ्यासारखं वाटायचं. आणि बसून राहायचं म्हणजे पोटातल्याशी बेइमानी. असे ते दिवस. ना इकडची, ना तिकडची. रात्री कुशीवर वळले तरी कानात झडपा पडायच्या.

त्या दिवशी नाईकसाहेबांनी गावकरांना विचारलं, "अजून किती दिवस?" गावकर म्हणाले, "शुभाबाईंची वही मी पाठ केली आहे. पण त्या उठतील तेव्हा मी बसणार ना?"

*

आणि आता शेवटची. ही सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तारखेला तीन आठवडे बाकी होते. सकाळचे साडेदहा. बेळगावचा ट्रंक कॉल लागत होता आणि एकदम कळ आली. अशी, की हातातली वायर गळून पडली. खाली बघितलं तर साडी भिजलेली. मी तरी म्हणतेच आहे, "दोन मिनिटं, बेळगाव लागतंय..."

गावकरांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन उचलला आणि आपल्या डोक्यावर चढवला. पहिल्यांदाच मला न विचारता. म्हणाले, "उठा."

"सही?"

"सही मरू दे! बाबी, टॅक्सी!"

मग विचारलं, "तुमचे मिस्टर आत्ता कुठे असतील?"

माझा नवरा सुरेश डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. ह्या तालुक्यात आबा कुठल्या झाडाखाली बसतो ते मला ठाऊक. डॉक्टर पूजेला कधी बसतो ते ठाऊक. दोनशे पानं लिहिली, त्यात सुरेशचं नाव नव्हतं. सकाळी साडेदहाला तो खाणीवर असतो, की रस्त्यावर, की धक्क्यावर, मी कधी विचारलंच नव्हतं!

"मला माहीत नाही," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

"जा तुम्ही," गावकर म्हणाले. "तो माझा कॉल."

टॅक्सीत बाबी पुढे, मी मागे. पार्सेला आमच्या घराशी पोचतो तर सासूबाई गाठोडं घेऊन रस्त्यावरच उभ्या! शेजारच्या दुकानात फोन आला होता म्हणे. कळा आता भराभर येत होत्या. सासूबाई माझा हात धरून देवाचं नाव घेत होत्या आणि मी मनात एकच म्हणत होते, हे नको जाऊ दे, हे नको जाऊ दे.

म्हापशाला जायचं तर चोपड्याला फेरीतून नदी ओलांडायची, मग शिवोली. तेव्हा पूल नव्हता. चोपड्याच्या धक्क्यावर पोचलो आणि बाबीनं कपाळावर हात मारला. फेरी सुटली होती. पार मधोमध गेली होती, माणसांनी, स्कूटरींनी भरलेली. आता ती पलीकडे जाणार, रिकामी होणार, भरणार, परत येणार. तासभर तरी गेला. सासूबाई नाव घ्यायच्या थांबल्या.

आणि फेरी फिरली.

मी डोळ्यांनी बघितलं. मधोमध पोचलेली फेरी हळूहळू वळली आणि आमच्याकडे येऊ लागली. धक्क्याला लागली, फळी खाली पडली, टॅक्सीला जागा करायला माणसांनी आपल्या स्कूटरी उचलून बाजूला घेतल्या. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. कोणाला ऑफिस असेल, कोणाला कोर्ट असेल. एक म्हातारी टॅक्सीच्या खिडकीशी आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "रोज आवाज आयकतंय गे तुझो. तोंड आज पळयलां."

म्हापशाला हॉस्पिटलच्या दारात खनिजानं भरलेला ट्रक उभा होता, आणि त्याच्या पुढे सुरेश, डोक्यापासून पायापर्यंत लाल. मी विचारलं, "कोणी सांगितलं?" तो म्हणाला, "कोणी सांगितलं नाही ते विचार! डिचोलीपासून प्रत्येक चहाच्या हॉटेलापुढे कोणीतरी हात आडवे करून उभा!"

पाऊण तासानं मुलगी झाली. रडली ती अशी, की बाहेर सुरेशही रडायला लागला.

बारशाला गावकर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात मुलीसाठी झबलं. मी त्यांना चहा दिला आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं. म्हटलं, "सासूबाईंचं कळलं, डिचोलीचं कळलं. पण फेरीला तुम्ही कसं कळवलंत?"

गावकरांनी बशी खाली ठेवली.

"फेरीक फोन खंय आसा, बाय?"